सामन्याचे तीन, कचऱ्याचे सहा

आयपीएलचा गुणतक्ता आपल्याला तोंडपाठ असतो. जिंकलं की दोन, पावसाने सामना धुतला की एकेक, आणि शेवटी नेट रनरेटची डोकेफोड. केनियाची राजधानी नैरोबी इथल्या एका फुटबॉल लीगचा तक्ता मात्र वेगळा आहे. तिथे सामना जिंकल्यावर तीन गुण मिळतात आणि संघाने मिळून वस्तीतला कचरा साफ केला की सहा! खेळातून विकास ही भाषा संयुक्त राष्ट्रांच्या कागदांवर रुळण्याच्या कितीतरी आधी ही पद्धत सुरू झाली. म्हणून हा इतिहास मी न्यूयॉर्कपासून नाही, माथारेपासून सांगतो.

माथारे ही नैरोबीतली जुनी आणि मोठी झोपडपट्टी. नदीच्या खोऱ्यात दाटीवाटीने उभी पत्र्याची घरं, उघडी गटारं. पालिकेची कचरागाडी तिकडे फिरकत नसे. कचऱ्याने गटारं तुंबायची, पावसात तेच पाणी घरात शिरायचं आणि पाठोपाठ आजार यायचे. गंमत अशी, की संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचं जागतिक मुख्यालय याच शहरात आहे. मुलं मात्र प्लॅस्टिकच्या पिशव्या सुतळीने आवळून चेंडू करायची आणि खेळायची.

१९८७ साली बॉब मन्रो या कॅनेडियन गृहस्थांनी या मुलांसाठी लीग सुरू केली. ते पर्यावरण आणि विकास धोरणांचे सल्लागार. त्यांची अट सरळ होती: मी तुमच्यासाठी काही करतो, तुम्हीही वस्तीसाठी काही करा. यातून उभी राहिली माथारे यूथ स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजेच ‘मायसा’. लवकरच सफाई थेट गुणतक्त्यात आली.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला या नियमाची रचना फार आवडते. आमच्याकडे कुठलंही मोजमाप लावलं की लोक काम सोडून आकड्याच्या मागे लागतात. इथे ती पळवाट अरुंद आहे. गटार उपसलं की नाही, हे सगळ्या गल्लीला दिसतं. शिवाय गुण एकट्याला नाहीत, संघाला आहेत. फावडं टाळणाऱ्या स्ट्रायकरला आधी त्याचाच गोलकीपर धरतो.

पुढे हीच कल्पना पसरत गेली. स्वयंसेवेचे गुण साठवणाऱ्या मुलामुलींना शाळेच्या फीसाठी शिष्यवृत्ती मिळू लागली. लीगच्या समित्यांवर किशोरवयीन मुलं निवडून येऊ लागली. १९९२मध्ये मुलींचे संघ आले. मुलींना फुटबॉल शिकवणं सोपं होतं. त्या मैदानावर असताना धाकट्या भावंडांना कोण सांभाळणार आणि पाणी कोण भरणार, हा प्रश्न अवघड होता. म्हणजे पटवायचं होतं ते घरच्यांना. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ‘ग्लोबल ५००’ पुरस्कार देऊन मायसाची दखल घेतली. १९९४मध्ये याच मुलांमधून ‘माथारे युनायटेड’ हा क्लब निघाला आणि २००८मध्ये तो चक्क केनियाच्या प्रीमियर लीगचा विजेता झाला.

आता कागदावरचा इतिहास पाहू. खेळ हा सर्वांचा हक्क आहे, असं युनेस्कोच्या सनदेने १९७८मध्येच म्हटलं होतं. पण विकासासाठी खेळ या विषयावर संयुक्त राष्ट्रांचा खास सल्लागार नेमला गेला २००१मध्ये. २००५ हे खेळ आणि शारीरिक शिक्षणाचं आंतरराष्ट्रीय वर्ष ठरलं. २०१३मध्ये ६ एप्रिल हा विकास आणि शांततेसाठी खेळाचा दिवस म्हणून जाहीर झाला. २०१५च्या शाश्वत विकासाच्या जाहीरनाम्यातही खेळाला जागा मिळाली. आणि २०१७मध्ये या कामासाठी असलेलं संयुक्त राष्ट्रांचं स्वतंत्र कार्यालय बंद झालं. माथारेतली मुलं त्यानंतरही खेळत होती.

तरी एक प्रश्न मला सोडत नाही. त्याच शहरातल्या श्रीमंत वस्तीतल्या मुलाला फुटबॉल खेळण्यासाठी आधी गटार उपसावं लागत नाही. मग गरिबाच्या पोरालाच ही अट का? कचरा उचलणं हे पालिकेचं काम. मुलांनी ते केलं म्हणून पालिका सुटली, असं झालं तर खेळ हा व्यवस्थेच्या नाकर्तेपणावर घातलेला रंगीत टी-शर्ट ठरेल.

माझं उत्तर असं आहे. सहा गुणांनी माथारे स्वच्छ झालं, असा दावा करू नये. एक फावडं आणि एक चेंडू सांडपाण्याची व्यवस्था उभारू शकत नाहीत. पण ज्या मुलांना शहराने हिशेबातच धरलं नव्हतं, त्यांनी स्वतःची लीग चालवली, समित्या निवडल्या, हिशेब ठेवले. असं शिकलेला माणूस पुढे पालिकेच्या दारात जातो तेव्हा हात पसरत नाही, जाब विचारतो.

तेव्हा ‘खेळातून विकास’ असं पोस्टर कुठे दिसलं, तर फोटोतली हसरी मुलं बघून पुढे जाऊ नका. एवढंच विचारा: इथला गुणतक्ता कोण लिहितं?