अर्थमंत्र्यांचे उत्तर आणि मोहोळचा प्रश्न : सभागृहातील प्रश्नोत्तरे कशी वाचावीत?



संसदेचे किंवा विधिमंडळाचे अधिवेशन सुरू झाले की आपल्या मोबाईलवर एक-दोन मिनिटांच्या चित्रफिती फिरू लागतात. कोणत्या खासदाराने अर्थमंत्र्यांना कसे धारेवर धरले, अर्थमंत्र्यांनी कसे सुनावले, एवढेच त्यात असते. दोन दिवस चर्चा होते आणि विषय संपतो. पण त्याच दिवशी सभागृहाच्या पटलावर शेकडो लेखी उत्तरे ठेवलेली असतात. आपल्या शिष्यवृत्तीचा, वस्तीतील रस्त्याचा, बँकेच्या कर्जाचा हिशेब त्या कागदांत असतो. तो वाचणारे मात्र फार थोडे असतात.

सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुका समोर ठेवून ही माहिती आम्ही देत आहोत. मोहोळ विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातीसाठी राखीव आहे. तो ज्या सोलापूर लोकसभा मतदारसंघात येतो, तोही राखीव आहे. २०२४ मध्ये सोलापुरातून प्रणिती शिंदे लोकसभेवर आणि मोहोळमधून राजू खरे विधानसभेवर निवडून आले. याच जिल्ह्यातील सुशीलकुमार शिंदे यांनी अनेक वर्षे राज्याचे अर्थमंत्रिपद सांभाळले. म्हणजे प्रश्न विचारणारे आणि उत्तर देणारे अशा दोन्ही बाजूंची माणसे या भागाने पाहिली आहेत. तरीही उपयोजनेचा निधी आला किती, खर्च किती झाला आणि परत किती गेला, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

बाबासाहेबांनी घालून दिलेला धडा

अर्थकारण हा आपला विषय नाही, असे म्हणण्याची सोय आंबेडकरी कार्यकर्त्याला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मूळचे अर्थशास्त्रज्ञ. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये आणि प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबई विधिमंडळाचे सदस्य झाल्यावर २४ फेब्रुवारी १९२७ रोजी ते अर्थसंकल्पावर बोलले. ठरावीक उत्पन्नापर्यंत व्यापाऱ्याला आयकर माफ असतो, पण शेतकऱ्याचे उत्पन्न कितीही तुटपुंजे असले तरी त्याला शेतसारा भरावाच लागतो, या अन्यायावर त्यांनी बोट ठेवले. सरकार पैसा कोणाकडून घेते आणि कोणावर खर्च करते, हा त्यांचा मूळ प्रश्न होता.

१९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले आणि उच्च शिक्षणासाठी वार्षिक ३ लाख रुपयांची तरतूद मिळवली. १९४४ मध्ये सुरू झालेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची पार्श्वभूमी हीच आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह काढले होते, हेही आपल्या जिल्ह्यातील तरुणांनी लक्षात ठेवावे. शिक्षणाला पैसा लागतो आणि तो सार्वजनिक तिजोरीतून मिळवावा लागतो, हा विचार इथे शंभर वर्षांचा आहे.

प्रश्न कसा विचारला जातो?

लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास सकाळी ११ ते १२ असतो, राज्यसभेत दुपारी १२ ते १. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते, पूरक प्रश्न विचारता येत नाही. लोकसभेत एका दिवसासाठी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. प्रत्यक्षात तासाभरात वीसपैकी थोडेच प्रश्न पुकारले जातात, बाकीच्यांची उत्तरे लेखीच राहतात. प्रश्नाची सूचना साधारण १५ दिवस आधी द्यावी लागते आणि कोणाचा प्रश्न लागणार, हे सोडतीने ठरते.

आपल्या विधिमंडळातही तारांकित आणि अतारांकित प्रश्न असतात. शिवाय लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, अर्थसंकल्पी मागण्यांवरील कपात सूचना आणि पुरवणी मागण्यांवरील चर्चा, हे मार्ग आमदारांना खुले असतात.

कोणता प्रश्न कोणत्या मंत्र्याकडे जातो, हेही समजून घ्यावे. शिष्यवृत्तीची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यावर का आली नाही, याचे उत्तर सामाजिक न्याय खाते देते. बँका, कर, राज्यांना मिळणारा करांचा वाटा, अर्थसंकल्पातील तरतूद आणि पुनर्विनियोजन यांचे उत्तर अर्थमंत्री देतात. चुकीच्या खात्याला विचारलेला प्रश्न फिरत राहतो आणि अधिवेशन संपते.

प्रश्नाची ताकद : १९५७ चे प्रकरण

प्रश्नाने काय होते, असे कोणी विचारले तर त्याला मुंदडा प्रकरण सांगावे. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले होते. १९५७ मध्ये लोकसभेत त्यावर प्रश्न आला. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या उत्तरांनी सदस्यांचे समाधान झाले नाही. फिरोज गांधी सत्ताधारी पक्षाचेच खासदार होते, तरी त्यांनी विषय सोडला नाही. न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या आयोगाने मुंबईत उघड चौकशी केली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. या सगळ्याची सुरुवात सभागृहातील एका प्रश्नापासून झाली होती.

आपल्या निधीचे काय होते?

अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात योजनेचा पैसा बाजूला काढावा, या विचाराने १९७९-८० पासून विशेष घटक योजना सुरू झाली. पुढे तिला अनुसूचित जाती उपयोजना म्हटले जाऊ लागले. २०११ च्या जनगणनेनुसार देशात अनुसूचित जातींचे प्रमाण १६.६ टक्के आणि महाराष्ट्रात ११.८ टक्के आहे. नियोजन आयोग गेला, २०१७-१८ पासून योजना आणि योजनेतर खर्चाचा भेद संपला. आता केंद्राच्या अर्थसंकल्पात ही रक्कम ‘विवरण १० अ’ मध्ये दाखवतात. २०२५-२६ साठी ती सुमारे १ लाख ६८ हजार कोटी रुपये होती. रक्कम मोठी दिसते. पण थेट अनुसूचित जातीतील व्यक्ती किंवा वस्तीपर्यंत जाणारा पैसा किती आणि सर्वांसाठीच्या योजनेतील ‘आपला वाटा’ म्हणून कागदावर दाखवलेला किती, हे वेगळे करून पाहावे लागते.

दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धांसाठी या निधीतील सहाशे कोटींहून अधिक रक्कम वळवल्याचे २०१० मध्ये उघड झाले. कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात कागद काढले, राज्यसभेत प्रश्न उठला आणि तत्कालीन गृहमंत्री पी. चिदंबरम यांना हे चुकीचे झाल्याचे मान्य करावे लागले.

महाराष्ट्राचे ताजे उदाहरण २०२५ चे आहे. मार्च २०२५ मध्ये अर्थमंत्री अजित पवार यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पात अनुसूचित जाती घटकासाठी २२,६५८ कोटी रुपयांची तरतूद होती आणि ती आधीपेक्षा ४२ टक्क्यांनी वाढवल्याचे सांगण्यात आले. मे महिन्यात सामाजिक न्याय खात्याचे ४१०.३० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेसाठी महिला व बालविकास खात्याकडे गेले. खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. निधी वळवलेला नाही, अनुसूचित जातीतील लाभार्थी महिलांसाठीच तो आहे आणि अर्थसंकल्पाच्या नियमांत हे बसते, अशी बाजू सरकारतर्फे मांडली गेली.

आमच्या भगिनींना दरमहा पैसे मिळण्याला आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न इतकाच आहे : जी योजना सर्व समाजांतील पात्र महिलांसाठी आहे, तिचा खर्च इतरांसाठी सर्वसाधारण निधीतून होतो. मग आमच्या भगिनींसाठी तो वसतिगृहाच्या आणि शिष्यवृत्तीच्या पैशातून का? उपयोजना ही सर्वसाधारण निधीच्या जोडीला असते, त्याच्या बदल्यात नसते.

आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये, तेलंगणाने २०१७ मध्ये आणि राजस्थानने २०२२ मध्ये या निधीसाठी कायदे केले. महाराष्ट्रातही असा कायदा व्हावा ही जुनी मागणी आहे आणि ती योग्य आहे. पण कर्नाटकात कायदा असूनही हमी योजनांसाठी हाच निधी वापरल्यावरून वाद झाला. कायद्यामागे लक्ष ठेवणारी माणसे नसतील, तर कायदाही कागदावर राहतो.

मोहोळकरांना हे वेगळे सांगायला नको. मातंग समाजाच्या विकासासाठी स्थापन झालेल्या अण्णाभाऊ साठे महामंडळातील गैरव्यवहाराच्या आरोपांवरून २०१५ मध्ये मोहोळच्या तत्कालीन आमदारांना अटक झाली होती. ते महामंडळाचे अध्यक्षही राहिले होते. आरोपांबद्दल निर्णय देणे न्यायालयाचे काम आहे. आपल्यासाठी धडा असा की मतदारसंघ राखीव असला, म्हणजे निधी आपोआप सुरक्षित राहत नाही.

उत्तरातील शब्द ओळखा

मंत्र्यांच्या उत्तरात पैशासाठी अनेक शब्द येतात आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो.

• नियतव्यय : योजनेसाठी ठरवलेली वर्षाची मर्यादा.
• तरतूद : विधिमंडळाने मंजूर केलेली रक्कम.
• वितरित निधी : वित्त विभागाच्या संमतीने खात्याला खर्चासाठी प्रत्यक्ष दिलेली रक्कम.
• खर्च : कामासाठी किंवा लाभार्थ्यासाठी तिजोरीतून निघालेली रक्कम.
• समर्पित निधी : न वापरता परत केलेली रक्कम.
• पुनर्विनियोजन : एका कामाची रक्कम दुसऱ्या कामाकडे नेणे.

‘सरकारने एवढ्या कोटींची तरतूद केली’ हे उत्तर ऐकून टाळ्या वाजवू नयेत. वितरित किती झाली आणि खर्च किती झाली, हे विचारावे. मार्चअखेरीस निधी आला आणि मार्चअखेरीसच परत गेला, तर तरतूद खरी असूनही वस्तीत दिवा लागत नाही.

विधिमंडळातील उत्तरांची भाषाही ओळखीची करून घ्या. ‘अंशतः खरे आहे’ असे उत्तर आले, तर कोणता अंश खरा, हे शोधा. ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे उत्तर बहुधा प्रश्नाच्या रचनेतील फटीमुळे येते. पहिल्या भागात एखादा तपशील चुकला की ‘हे खरे नाही’ एवढे म्हणून पुढचे सगळे भाग निकालात काढता येतात. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असे संसदेत म्हटले, तर ते आश्वासन समजले जाते. ते साधारण तीन महिन्यांत पूर्ण करावे लागते आणि त्यावर आश्वासन समिती लक्ष ठेवते. आपण तारीख लिहून ठेवावी आणि खासदारांना आठवण करावी.

मोहोळमधून कोणते प्रश्न जाऊ शकतात?

पहिला, बँकांचा. ५ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या स्टँड-अप इंडिया योजनेत प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती किंवा जमातीच्या व्यक्तीला आणि किमान एका महिलेला १० लाख ते १ कोटी रुपयांचे कर्ज द्यावे, असे उद्दिष्ट होते. मोहोळ तालुक्यातील किती शाखांनी हे उद्दिष्ट पूर्ण केले? हा प्रश्न थेट केंद्रीय अर्थमंत्र्यांसाठी आहे.

दुसरा, शिष्यवृत्तीचा. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पाच वर्षांचा ५९,०४८ कोटींचा आराखडा मंजूर केला. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के ठरला. सोलापूर जिल्ह्यातील किती विद्यार्थ्यांना राज्याचा वाटा मिळाला, पण केंद्राचा मिळाला नाही?

तिसरा, जमिनीचा. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला ४ एकर जिरायती किंवा २ एकर बागायती जमीन देण्याची तरतूद आहे. मोहोळ तालुक्यात अशी किती कुटुंबे आहेत आणि निधी परत गेला असल्यास कारण काय?

‘दलितांच्या निधीबाबत सरकार काय करत आहे?’ असा ढोबळ प्रश्न देऊ नका, त्याचे उत्तरही ढोबळच येईल. वर्ष, योजना, तालुका आणि लेखाशीर्ष लिहा : ‘सन २०२४-२५ मध्ये सोलापूर जिल्ह्यासाठी अमुक योजनेत किती तरतूद होती, त्यापैकी किती निधी वितरित झाला, मोहोळ तालुक्यात किती खर्च झाला, अखर्चित निधी कोणत्या दिनांकास समर्पित केला आणि विलंबाची कारणे काय?’ असा प्रश्न टाळणे कोणत्याही मंत्र्याला अवघड जाते.

कामाचा क्रमही ठरलेला असावा. आधी माहितीच्या अधिकारात समाजकल्याण आणि जिल्हा नियोजन कार्यालयातून आकडे घ्या, ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते. मग आकड्यांसह प्रश्न तयार करून अधिवेशनाच्या बऱ्याच आधी आमदार आणि खासदारांना लेखी द्या, पोच घ्या. उत्तर आले की ते छापून विहारात वाचा आणि त्यातील आकडा तालुक्यातील वस्तुस्थितीशी ताडून पाहा. तफावत दिसली, तर तोच पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न.

विहारात आपण दर पौर्णिमेला जमतोच. वंदना झाल्यावर अर्धा तास या कागदांसाठी ठेवला आणि एका मुलीने किंवा मुलाने वर्षभर एकाच योजनेचा हिशेब ठेवला, तरी पुढच्या मार्चमध्ये मोहोळचा प्रश्न आकड्यांसह सभागृहात जाऊ शकतो. अर्थमंत्री कोणत्याही पक्षाचे असोत, उत्तर देणे ही त्यांची संविधानिक जबाबदारी आहे. प्रश्न तयार ठेवणे ही आपली.