वाट कोणी ठरवावी?

पुण्यात नदी कोठून ओलांडावी, हा प्रश्न जुना आहे. पानिपतानंतर १७६१ साली मुठेवर लाकडी पूल उभा राहिला आणि पेठांतून पलीकडे जाणाऱ्यास वाट मिळाली. बरोबर दोनशे वर्षांनी, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेतचे धरण फुटले. पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले आणि त्याच जागी पुढे बांधलेला पूल पाण्याखाली गेला. चौकात उभ्या असलेल्या माणसाला समोरचे पाणी दिसत होते. पुढच्या पुलाची गत काय झाली, हे तेथून दिसणे शक्य नव्हते. सगळ्या शहराची वार्ता एके ठिकाणी नसली म्हणजे काय होते, याचे याहून कठोर उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

याच्या उलट चित्र आपण दरवर्षी अनंत चतुर्दशीस पाहतो. लक्ष्मी, टिळक, कुमठेकर आणि केळकर रस्ता मिरवणुकांना द्यावयाचा, वाहने कोठून वळवावयाची, हे आधीच ठरते. येथे निर्णय एका जागी होतो. चौकातला शिपाई तो अमलात आणतो.

संगणकांच्या जाळ्यांचा इतिहासही याच दोन टोकांमध्ये फिरला आहे. १९६९ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अर्पानेटमध्ये प्रत्येक नाका शेजाऱ्यांकडून बातमी घेऊन निरोपाची वाट स्वतःच ठरवी. पुढे २००८ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ओपनफ्लो' ही पद्धत मांडली. तिच्यात नाक्याने निरोप फक्त पुढे धाडावयाचा. वाट मात्र साऱ्या जाळ्याचा नकाशा जवळ असलेल्या नियंत्रकाने ठरवावयाची. हाच विचार पुढे वाहनांच्या जाळ्यांत आला. मोटारी बिनतारी यंत्राने एकमेकींशी आणि रस्त्याकडेच्या खांबांशी बोलतात. पुढे अपघात झाल्याची खबर कोणामार्फत मागे पोचवावयाची, हे नियंत्रक सांगतो. मोटारी सारख्या धावत असल्याने कालची वाट आज उपयोगी पडत नाही, म्हणून सर्व जाळे एकदम पाहणाऱ्या नजरेचे मोल येथे मोठे.

पण त्या नियंत्रकाशीच संबंध तुटला तर? या विषयाच्या अभ्यासकांनी हे ओळखले आणि तशा वेळी मोटारींनी जुन्या रीतीने, शेजाऱ्याला विचारून, आपापली वाट काढावी अशी तजवीज सुचविली. आम्हांस यातच खरे शहाणपण दिसते. अलीकडे पुण्यातील अनेक चौकांत गर्दी मोजून हिरव्या दिव्याची वेळ बदलणारी यंत्रे आली आहेत. ती स्वागतार्हच होत. मात्र दिवे बंद पडलेल्या पावसाळी संध्याकाळी चौक मोकळा होतो तो कोणीतरी खाली उतरून हात दाखवितो आणि बाकीचे त्याचे ऐकतात म्हणून. मध्यवर्ती नजर असावी, पण चौकाने आपले डोळे मिटू नयेत. १९६१ च्या पुराने या शहराला पहिली गोष्ट शिकविली. दुसरी आपण विसरता कामा नये.