न पोचलेलं पत्र

मंडळी, या शनिवार-रविवारी थोडं लांब जाऊ या, पाचशे वर्षांपूर्वीच्या जर्मनीत. प्रश्न असा आहे: एखादा धर्मगुरूच देवाच्या नावानं तलवार उचला म्हणून सांगायला लागला, तर त्याच धर्मातल्या बाकीच्यांनी काय करायचं? ख्रिस्ती इतिहासात याची उत्तरं पुष्कळ सापडतात. पण एकाच माणसाला, एका वर्षाच्या आत दिली गेलेली दोन उत्तरं शेजारी-शेजारी ठेवली की बरंच काही दिसतं.

तो माणूस म्हणजे थॉमस म्युंत्सर. मार्टिन ल्यूथरच्याच चळवळीतून पुढे आलेला, विद्वान आणि जबरदस्त बोलणारा. ल्यूथर अर्ध्यावर थांबला, गरिबांना विसरला, असं त्याचं म्हणणं. १३ जुलै १५२४ रोजी आल्श्टेटच्या किल्ल्यात त्यानं सॅक्सनीचा ड्यूक योहान आणि त्याचा मुलगा यांच्यासमोर प्रवचन दिलं. आधार घेतला बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकाचा. अधर्मी लोकांना तलवारीनं संपवणं हे राजांचं कामच आहे, आणि ते करणार नसाल तर ती तलवार तुमच्या हातून काढून घेतली जाईल, हा त्याचा मथितार्थ. तेही राजांच्या तोंडावर! डेअरिंग होतं, यात वाद नाही.

इकडे झ्युरिकमध्ये काही तरुण त्याचं लिखाण वाचून भारावले होते. त्यांचा म्होरक्या कॉनराड ग्रेबेल, वय सव्विशीच्या आसपास. व्हिएन्ना आणि पॅरिसला शिकून डिग्री न घेताच परत आलेला (घरचे काय म्हणाले असतील, कल्पना करा). सोबत फेलिक्स मान्झ, एक पुस्तकविक्रेता, एक बेकरीवाला असे मित्र. ५ सप्टेंबर १५२४ ला या मंडळींनी म्युंत्सरला एक लांबलचक पत्र लिहिलं.

पत्राची भाषा भावासारखी आहे. तान्ह्या बाळांच्या बाप्तिस्म्यावरची तुझी टीका आम्हाला पटते, बाकीच्या प्रचारकांपेक्षा तू आम्हाला जवळचा वाटतोस, वगैरे. मग तक्रारी. उपासनेत गाणी कशाला, असाही एक मुद्दा आहे! पण मुख्य मुद्दा वेगळाच. ख्रिस्ताची शिकवण आणि ती मानणारे लोक यांचं रक्षण तलवारीनं करायचं नाही, आणि त्यांनी स्वतःचंही तसं करायचं नाही. खरे ख्रिस्ती लांडग्यांमधल्या मेंढरांसारखे असतात. म्युंत्सरनं राजांवर हात उचलायला सांगितल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. तसं असेल तर ते सोड, असं त्यांनी ताज्या कलमात स्पष्ट लिहिलं.

हे पत्र आजही स्वित्झर्लंडमध्ये, सेंट गालेनला आहे. म्हणजे ते म्युंत्सरपर्यंत पोचलंच नाही, असं अभ्यासक मानतात. आजच्या भाषेत, मेल ड्राफ्ट्समध्येच राहिली.

आता दुसरं उत्तर. मार्च १५२५ मध्ये मेमिंगेन गावात शेतकऱ्यांनी बारा मागण्या मांडल्या. आमचा धर्मगुरू आम्हाला निवडू द्या, वेठबिगारी बंद करा, जंगलातलं लाकूड आणि नदीतले मासे मिळू द्या. शेवटची मागणी तर फारच सुंदर: यातलं काही बायबलच्या विरुद्ध आहे असं दाखवून द्या, आम्ही ते मागे घेतो. ल्यूथरनं सुरुवातीला दोन्ही बाजूंना झापलं. राजे-सरदारांना जरा जास्तच. पण मग हिंसा वाढली. १६ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, वाइन्सबर्गला शेतकऱ्यांनी एका काउंटला भाल्यांच्या रांगेतून पळवून ठार केलं. म्युंत्सर आता म्युलहाउझेनमध्ये उघडपणे युद्धाची भाषा बोलत होता.

मे महिन्यात ल्यूथरनं शेतकऱ्यांच्या टोळ्यांविरुद्ध एक पत्रक लिहिलं. बंडखोराला जो कोणी मारू शकेल त्यानं मारावं, पिसाळलेल्या कुत्र्याला मारतात तसं. आणि राजांच्या बाजूनं लढताना मेलात तर तुम्ही हुतात्मा! इथे क्षणभर थांबा. देवाच्या नावानं मारा, देव तुमच्या पाठीशी आहे, हे तर म्युंत्सरही सांगत होता. फक्त तलवार धरणारा हात बदलला.

१५ मे १५२५ ला फ्रांकेनहाउझेनला राजांच्या सैन्यानं पाच-सहा हजार शेतकरी कापले. राजांची माणसं मोजकीच पडली. म्युंत्सर पकडला गेला आणि २७ मे रोजी त्याचं डोकं उडवलं गेलं. पूर्ण युद्धातल्या मृतांचा अंदाज एक लाखापर्यंत जातो. ल्यूथरचं पत्रक लोकांच्या हातात पडलं ते नेमकं या कत्तलीच्या सुमारास. त्याचे मित्रसुद्धा अस्वस्थ झाले, पण जुलैमध्ये त्यानं खुलं पत्र लिहून आपलंच म्हणणं पुन्हा ठासून मांडलं.

मग ग्रेबेल बरोबर आणि ल्यूथर चूक, विषय संपला? इतकं सोपं नाही. ग्रेबेलच्या उत्तरानं वेठबिगारी संपत नव्हती. मेंढरू व्हा हे ज्याच्या पाठीवर रोज चाबूक पडतो त्याला सांगणं जड जातं. पण या मंडळींनी त्याची किंमत आधी स्वतः मोजली, हे विसरता येत नाही. ग्रेबेल तुरुंगवास भोगून १५२६ मध्ये प्लेगनं गेला. मान्झला ५ जानेवारी १५२७ ला झ्युरिकच्या सरकारनं लिमात नदीत बुडवून मारलं. गुन्हा काय, तर मोठ्या माणसांना पुन्हा बाप्तिस्मा देणं.

गोष्टीचा पुढचा भाग हॉलंडच्या बाजूचा. ग्रेबेलसारखाच प्रौढ बाप्तिस्मा मानणाऱ्या, पण तलवारही मानणाऱ्या लोकांनी १५३४ मध्ये म्युन्स्टर शहर ताब्यात घेतलं. यान फान लायडन नावाचा शिंपी तिथला राजा झाला. जून १५३५ मध्ये शहर पडलं. त्याच्या नि दोन साथीदारांच्या मृतदेहांचे पिंजरे आजही तिथल्या चर्चच्या मनोऱ्यावर लटकतात. त्याआधी, एप्रिलमध्ये, फ्रीसलँडमधल्या एका मठात असेच सुमारे तीनशे लोक वेढले जाऊन बहुतेक मारले गेले. जवळच्या गावात मेनो सिमॉन्स नावाचा कॅथलिक पाद्री होता. त्यानं या तलवारवाल्यांविरुद्ध आधी बोलून पाहिलं होतं. पण ही भाबडी माणसं मेली आणि आपण मात्र पगारी नोकरीत सुखात बसलो, हे त्याला टोचत राहिलं. जानेवारी १५३६ मध्ये त्यानं ते पद सोडलं आणि उरलेल्या, विखुरलेल्या लोकांना शस्त्राविना एकत्र बांधलं. त्यांना पुढे मेनोनाइट म्हणू लागले. आज जगभर ते वीस लाखांच्या वर आहेत.

मला यातून दिसतं ते एवढंच. भडक धर्मगुरूला त्याच्या विरोधकानं शिव्या घालणं सोपं असतं. पुढचं काम सैन्य करतं. अवघड असतं ते, ज्याच्या नव्वद टक्के गोष्टी आपल्याला पटतात त्याला उरलेल्या दहा टक्क्यांवर, वेळेत, नाही म्हणणं. आणि त्याच्या मागे गेलेल्या लोकांना वाऱ्यावर न सोडणं. ग्रेबेलनं पहिलं केलं, मेनोनं दुसरं. पत्र पोचलं असतं तर म्युंत्सरनं ऐकलं असतं का? बहुधा नाही. तरी मित्रांनी ते लिहिलं, हे मला फार मोठं वाटतं.

असो. तुमच्या बाजूच्या कोणाला असं पत्र लिहायचं राहिलं असेल, तर बघा.