तळटीप १२
१२. इफप्लगडी : लेनार्ट पॉटरिंग यांनी लिनक्ससाठी लिहिलेला, पडद्याआड चालणारा छोटा प्रोग्रॅम. इथरनेटची केबल खोचल्यावर नेटवर्क कार्डाला पलीकडचा सिग्नल मिळाला का, हे तो एरवी दर सेकंदाला पाहतो आणि जोडणी नव्याने मांडून घेतो. आयपी पत्ता बहुधा डीएचसीपीकडून येतो. डीएचसीपी १९९३ पासून आहेच, मग याची गरज काय, अशी शंका रास्त आहे. पण डीएचसीपीचे काम मागितल्यावर पत्ता देण्याचे. केबल दुसऱ्या जाळ्यात गेली हे ओळखून पुन्हा मागणी करायला कुणीतरी लागतेच. केबल निघाल्यावर मात्र हा प्रोग्रॅम पाच सेकंद थांबतो, म्हणून लेखकाला तो ‘मंद’ वाटला असावा. ते तितकेसे बरोबर नाही : प्लगची खिट्टी तुटलेली असली की जोडणी क्षणभर जाते-येते, आणि दर खेपेला पत्ता सोडत बसलो तर चालू कामे तुटतात.