सोळा आणे कोणाचे? कुडपण, महाड आणि मोजपट्टीचा इतिहास

एखादी गोष्ट पुरती खरी असली की आपण ती 'सोळा आणे खरी' म्हणतो. पीक भरघोस आले की ते सोळा आणे, अर्धे गेले की आठ आणे. आणा व्यवहारातून गेला, पण आणेवारीचा शब्द गावातून गेला नाही. सरकार आता पैसेवारी म्हणते. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. ती पन्नासच्या खाली आली तर टंचाई, वर राहिली तर काही नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की यातली नजर कोणाची?

हा प्रश्न आम्हाला पोलादपूरहून कुडपणला जाताना पडला. रायगड, सातारा आणि रत्नागिरी या तीन जिल्ह्यांच्या हद्दी जिथे जवळ येतात, त्या सह्याद्रीच्या अंगावरचे हे गाव. कुडपण बुद्रुक आणि कुडपण खुर्द. पावसाळ्यात धबधबा बघायला मोटारी येतात, फोटो निघतात, आणि प्लॉटचे भावही विचारले जातात. वाटेतल्या एका वाडीत म्हाताऱ्या बाईंशी बोलत बसलो होतो. समोरच्या उतारावर नाचणी होती. जमीन कशी आहे म्हणून विचारले तर म्हणाल्या, "कागदावर वरकस हाय. पोटाला वरकस नाय."

मित्रांनो, या दोन वाक्यांत दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे.

इंग्रजांनी पेशवाई बुडवल्यावर त्यांच्यापुढे पहिला प्रश्न होता साऱ्याचा. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात दख्खनमध्ये एक पद्धत आणली. शेताचे उत्पन्न धरायचे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा, आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा सरकारने घ्यायचा. कागदावर ही पद्धत फार शास्त्रशुद्ध. इंग्लंडातल्या अर्थशास्त्राचा ताजा सिद्धांत तिच्या पाठीशी. पण उत्पन्नाचे आणि खर्चाचे आकडे यायचे गावातल्या आणि कचेरीतल्या त्याच वजनदार माणसांकडून, ज्यांच्या जमिनीचा सारा त्या आकड्यांवर ठरणार होता. पद्धत कोसळली, शेतकरी जमिनी टाकून गेले. मग 1836 साली इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी दुसरी पद्धत सुरू केली. उत्पन्नाचा हिशेब सोडून त्यांनी मातीच तपासली. खोली किती, रंग कोणता, वाळू किती, उतार किती. मातीच्या नऊ प्रती लावल्या, पहिली सोळा आण्यांची. दोष निघाला की प्रत उतरायची. पुढे मुंबई इलाख्यात हीच पद्धत पसरली. कोकणात भाताची खाचरे वेगळी आणि डोंगरउताराची वरकस वेगळी, अशी विभागणी झाली. वरकस म्हणजे उतरंडीतले शेवटचे मडके.

ही पद्धत आधीच्यापेक्षा बरी होती हे आम्ही नाकारत नाही. पण मातीची खोली मोजणाऱ्याने ती माती कसणाऱ्याचे हात मोजले नाहीत. आणखी एक गोष्ट. शिवेचा वाद निघाला की साक्ष कोणाची घेतली जायची? महाराची. गावची हद्द कुठून कुठे जाते हे त्यालाच ठाऊक. ज्याच्या शब्दावर दुसऱ्यांच्या जमिनीची सीमा ठरायची, त्याचा खळ्यावरचा स्वतःचा वाटा मात्र गावाच्या मर्जीवर. मोजणीला त्याचे ज्ञान चालत होते, वाटणीला त्याचा हक्क चालत नव्हता.

खोती गावांत तर याहून उघड कारभार. उभ्या पिकाचा अंदाज बांधायला खोत शेतावर यायचा. त्याला अभावणी म्हणत. पीक अजून शेतात उभे आहे, आणि त्याचे मण किती हे बांधावरून ठरते. अंदाज जास्त निघाला तर फरक कुळाच्या पोटातून जायचा. बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि 10 जानेवारी 1938 रोजी कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चाने आले, ते या व्यवस्थेविरुद्ध. त्याआधी 1928 साली महार वतनाचे विधेयक आणले होते. त्यातही मुद्दा हाच, की वतनदार महाराच्या कामाचे मोल ठरवणार कोण आणि ते देणार कोण? खोती कायद्याने गेली 1949 नंतर. महार वतन गेले 1958 च्या कायद्याने. बाबासाहेब ते पाहायला नव्हते.

आपल्या चळवळीत बाबासाहेबांचे 1918 चे भारतातील लहान शेतजमिनींवरचे टिपण फारसे वाचले जात नाही, याची आम्हाला खंत वाटते. त्या काळी कीटिंग आणि मॅन यांच्यासारखे जाणकार सांगत होते की शेती परवडत नाही कारण तुकडे लहान आहेत. परवडणारी जमीन म्हणजे किती? तर जिच्यावर एक कुटुंब बऱ्यापैकी जगेल तेवढी. सत्तावीस वर्षांच्या बाबासाहेबांनी मोजपट्टीलाच हात घातला. कुटुंब किती खाते यावरून शेत परवडते की नाही हे ठरवता येत नाही, असे त्यांनी दाखवले. शेत हा उत्पादनाचा उद्योग आहे. जमीन, श्रम आणि भांडवल यांचे प्रमाण जुळले आहे का, हे बघायला हवे. लहान शेतही पुरेशा अवजारांनी आणि भांडवलाने परवडेल, मोठे शेतही त्यांच्याविना तोट्यात जाईल. खरा रोग म्हणजे शेतीवर साचलेली, रिकामी राहणारी माणसे, आणि त्यावरचा उपाय उद्योगांत आहे. इथे बाबासाहेबांची रीत नीट बघा. समोरच्याच्या आकड्यांशी ते भांडत बसले नाहीत. हे माप नेमके कशाचे माप आहे, एवढेच त्यांनी विचारले.

नऊ वर्षांनी महाडात हाच प्रश्न पाण्याच्या संदर्भात उभा राहिला. 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी घेतले. त्यानंतर सनातन्यांनी 108 घागरी पंचगव्य ओतून तळे 'शुद्ध' केले. हेही मूल्यमापनच होते! जनावरे ज्या पाण्यावर येतात ते पाणी माणसाच्या ओंजळीने बिघडले, असा निष्कर्ष काढणारी एक मोजपट्टी. मग डिसेंबरात दावा दाखल झाला. वादींचे म्हणणे, तळे आमचे, आणि अस्पृश्यांनी न येण्याची वहिवाट अनादी काळापासूनची. दहा वर्षे खटला चालला. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. तळे सरकारी जमिनीचे, म्हणून नगरपालिकेकडे आलेले, हे मान्य झाले, आणि अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही असे ठरले. परंपरा आहे म्हणणाऱ्याला विचारले गेले, किती जुनी, आणि पुरावा काय? महाड म्हटले की आपण ओंजळ आठवतो. ती आठवलीच पाहिजे. पण त्या दहा वर्षांची पुराव्याची लढाईही आपलाच वारसा आहे.

आता गाण्याकडे वळू. जमिनीवरून एकदम गाण्यावर कसे, असे कोणी म्हणेल. आम्हाला ते एकच वाटते.

1961 साली वामनराव देशपांडे यांचे 'घरंदाज गायकी' आले. ते व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट. (हिशेब तपासणाऱ्या माणसाने गाण्यासाठी मोजपट्टी तयार करावी याचे आम्हाला कौतुकच आहे.) त्याआधी घराण्यांविषयी बोलणे म्हणजे बहुतेक वेळा आख्यायिका आणि भक्ती. देशपांड्यांनी एक रेघ ओढली. एका टोकाला स्वर, दुसऱ्या टोकाला लय. किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या टोकाला, आणि दोन्हींचा तोल साधणारे जयपूर मध्ये. पटो न पटो, निकष उघड्यावर मांडला गेला, म्हणून त्याच्याशी वाद घालता आला. ते स्वतः जयपूरचे शिकलेले आणि मधली जागा जयपूरला, हेही वाचकाला दिसले. उघड्या मोजपट्टीचा हा फायदा असतो.

पण या रेघेवर वामनदादा कर्डकांना कुठे बसवणार? भीमराव कर्डकांच्या जलशाला कुठे? तिथे शब्दाला जागाच नाही, आणि आपल्या गाण्याचा प्राणच शब्द. जलसा कंदिलाच्या उजेडात, राबून आलेल्या माणसांपुढे उभा राहिला. त्याला तानेची लांबी लावायची की दुसऱ्या दिवशी वस्तीत काय बोलले गेले ते बघायचे? अशोक रानडे यांनी पुढे आदिम, लोक, धर्म, कला, जन अशा संगीताच्या कोटी वेगळ्या केल्या. प्रत्येक कोटीचे काम वेगळे, म्हणून निकषही वेगळा. वाट मोकळी झाली, पण आंबेडकरी गाण्याची समीक्षा त्या वाटेने फार चालली नाही. यात दोष आपलाही आहे. आपण आपल्या गाण्याला एकतर डोक्यावर घेतो, नाहीतर डीजेच्या आवाजात बुडवतो. कोणते भीमगीत कसदार आणि कोणते केवळ नावाचा जप करणारे, हे सांगायची आपली स्वतःची कसोटी कुठे आहे? भीमरावांनी 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तक लिहून साहित्य पुरवले. मोजपट्टी करायचे काम आपण टाळले. सगळ्या गाण्यांना सोळा आणे देणे ही समीक्षा नव्हे.

मासळीच्या शास्त्रात चुकीचे माप किती महाग पडते याचा दाखला कॅनडाचा आहे. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर शतकानुशतके कॉड मासा मिळत होता. 1980 च्या दशकात सरकारी शास्त्रज्ञांच्या हिशेबात मासा भरपूर होता, कारण त्या हिशेबात मोठ्या ट्रॉलरांच्या पकडीला वजन होते. मासा कमी झाला तरी ट्रॉलर यंत्रांनी उरलेला थवा शोधून काढत, आणि दर तासाची पकड चांगलीच दिसे. लहान होड्यांतून किनाऱ्याजवळ मासेमारी करणारे ओरडत होते की मासा कमी येतोय, लहान येतोय. त्यांचे बोलणे म्हणजे किस्से, ट्रॉलरचे आकडे म्हणजे शास्त्र! 2 जुलै 1992 रोजी सरकारला मासेमारीच बंद करावी लागली. हजारो माणसे एका दिवसात बेकार झाली.

आपल्याकडे समुद्री मासळीची मोजणी केंद्रीय संस्था बंदरांवर नमुने घेऊन करते. चांगली पद्धत आहे. पण सावित्रीच्या वरच्या अंगाच्या डोहातला मासा त्यात येत नाही. महाडच्या औद्योगिक वसाहतीखालच्या पाण्याचे नमुने बाटलीतून प्रयोगशाळेत जातात, ते जायलाच हवेत. पण भोयाच्या आणि कोळ्याच्या जाळ्यात दहा वर्षांपूर्वी काय यायचे आणि आज काय येते, ही वही कोण ठेवतो?

इथे एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. महाड तालुक्यातच काळ नदीवर वाळणकोंड आहे. देवीच्या नावाने तिथला मासा कोणी मारत नाही, म्हणून महसीर तिथे टिकला. अभ्यासकांनी त्याची दखल घेतली, पर्यावरणवाले परंपरेचे गोडवे गातात. मासा जगला ही वस्तुस्थिती आहे, ती आम्ही नाकारणार नाही. पण ज्या तालुक्यात परंपरेच्या नावाने माणसाला पाणी नाकारले गेले, तिथे परंपरा या शब्दालाच सोळा आणे द्यायला आम्ही तयार नाही. मासा वाचतो तो मारायचा नाही या नियमाने. तो नियम ग्रामसभाही करू शकते, आणि तिथे कारण विचारता येते, नियम बदलता येतो.

कुडपणच्या डोंगरावर आज हेच सगळे एकत्र आले आहे. 2010 साली नेमलेल्या माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाट सुमारे नऊ किलोमीटरच्या चौकटींत विभागून प्रत्येक चौकटीला गुण दिले. स्थानिक वनस्पती, दुर्मीळ प्राणी, जंगल, उंची, उतार. 2013 च्या कस्तुरीरंगन अहवालाने उपग्रहाच्या बारीक चित्रांवरून गावे निवडली. गावाचा वीस टक्के भाग संवेदनशील निघाला की गाव यादीत. दोन्ही यादींत उतार मोजला आहे, उतारावर राहणारा कोण हे मोजलेले नाही. गाडगीळांच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे की आपले गुण अंतिम मानू नका, ग्रामसभांना विचारा, असे त्यांनीच लिहिले होते. तेवढा भाग सोयीने गळाला. अधिसूचनेचे मसुद्यामागून मसुदे निघत राहिले, सहावा जुलै 2024 मध्ये. तोवर डोंगर खोदायचा थांबला नाही.

आणि 22 जुलै 2021. महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलीमीटर पाऊस. महाड तालुक्यात तळिये गाडले गेले, ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरड आली. देशाचे दरडप्रवण नकाशे तयार आहेत, एकास पन्नास हजार प्रमाणाचे. म्हणजे दोनशे मीटर लांबीची वाडी त्यावर चार मिलिमीटर. त्या चार मिलिमीटरांत वरच्या अंगाला कोणाची घरे आणि ओढ्याच्या तोंडाशी कोणाची, हे दिसणार नाही. गावठाणाच्या कडेला, उरलेल्या जागेवर कोणाला बसवले गेले, हे आपल्या लोकांना नकाशाशिवाय ठाऊक आहे. प्रत्येक वाडीतल्या पोरांनी उन्हाळ्यात घरनिहाय उतार, पाण्याचे तोंड आणि भेगा यांची वही करावी आणि ती ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावी, एवढे आम्ही सुचवले आहे. दोन ठिकाणी काम सुरू झाले आहे, एका ठिकाणी 'तुम्हाला काय कळते' म्हणून हसले गेले.

त्या म्हाताऱ्या बाईंनी निघताना घरामागे नेले. उतारावर एक भेग होती. भेगेच्या दोन्ही काठांना त्यांनी एकेक खुंटी ठोकली होती आणि मध्ये सुतळी ताणून बांधली होती. "मिरगाला सैल बांधली होती," म्हणाल्या. आम्ही बोट लावून पाहिले. सुतळी ताठ होती.