मंडळ आणि संहिता : आर्य महिला समाज व आरंभीचे मराठी स्त्रीगद्य

एकोणिसाव्या शतकातील मराठी स्त्रीलेखनाचा इतिहास सामान्यतः व्यक्ती आणि पुस्तके यांच्या क्रमाने सांगितला जातो. पहिली कादंबरीकार कोण, पहिले आत्मचरित्र कोणाचे, असे प्रश्न त्यात अग्रभागी असतात. या मांडणीतून निसटते ते लेखनापूर्वीचे स्थळ. जेथे स्त्रिया जमल्या, एकीने वाचले, इतरांनी ऐकले, आणि लिहिणारीला आपला वाचक समोर बसलेला दिसला. हे स्थळ लक्षात घेतल्यास वाङ्मयेतिहासाचे काही निकष तपासून घ्यावे लागतात.

पंडिता रमाबाई १८८२ मध्ये पुण्यास आल्या आणि त्याच वर्षी आर्य महिला समाजाची स्थापना झाली. त्यांचा ‘स्त्रीधर्मनीति’ हा ग्रंथही त्याच वर्षीचा. प्रार्थना समाजाशी निगडित असलेल्या सुधारकांच्या घरांतील स्त्रिया या सभांना येत. व्याख्यान, वाचन आणि निबंध हे तेथील व्यवहाराचे स्वरूप होते. आज हे साधे वाटते. परंतु सभेहून परतलेल्या रमाबाई रानडे यांना घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांची किती बोलणी सोसावी लागली, हे त्यांच्या आठवणींतून कळते. चार जणींपुढे उभे राहून स्वतःचे वाक्य उच्चारणे ही त्या काळी धिटाईची गोष्ट होती.

या सरावाचा ठसा पुढील गद्यावर दिसतो. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. त्यातील निवेदन चिंतनापेक्षा कथनाकडे झुकणारे आहे. संवाद सविस्तर येतात, प्रसंग समोर घडत असल्यासारखे उलगडतात. पतीचे मोठेपण सांगणे हा या कथनाचा उघड हेतू असला, तरी सासरच्या बायकांची बोली त्यात इतक्या अचूकपणे उतरते की निवेदिकेला तिचे श्रोते ठाऊक आहेत, असे जाणवते. याच सुधारक वर्तुळातील काशीबाई कानिटकर यांनी १८८९ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहिले. एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीचे आयुष्य लेखनविषय म्हणून निवडावे, यामागे स्त्रियांनी एकमेकींची दखल घेण्याची सवय होती. पुढे ‘पालखीचा गोंडा’ या कादंबरीत त्यांनी स्त्रियांच्या हाती असलेल्या राज्यकारभाराचे चित्र रंगविले. मंडळाच्या अनुभवाने कल्पितात घेतलेले हे रूप मानता येईल.

मात्र या चित्राला दुसरी बाजू आहे. १८८२ मध्येच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुण्यात छापले गेले. सुरतच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील खटल्याचे निमित्त घेऊन लिहिलेला हा निबंध पुरुषांनाच प्रतिवादी करतो. त्याची भाषा उपरोधाची, म्हणींनी भरलेली, सभ्यतेचे संकेत झुगारणारी आहे. जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मध्ये त्याची पाठराखण केली. वडिलांमुळे ताराबाईंचा सत्यशोधक समाजाशी संबंध होता, परंतु लिहिणाऱ्या स्त्रियांचे मंडळ त्यांना लाभले नाही. त्यांचे दुसरे पुस्तक आपल्यासमोर नाही, स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुनर्मुद्रण करीपर्यंत पहिलेही विस्मृतीत गेले होते.

येथून सरळ निष्कर्ष काढण्याचा मोह होतो : मंडळ असेल तर लेखन टिकते, नसेल तर थांबते. तो अर्धाच खरा आहे. ज्या मंडळाने सातत्य दिले त्याने मर्यादाही घालून दिली. आर्य महिला समाजाचा अवकाश बव्हंशी ब्राह्मण कुटुंबांतील स्त्रियांचा आणि सुधारक पुरुषांच्या संमतीवर उभा असलेला होता. तेथे उपदेश, शिक्षणाचा आग्रह आणि सौम्य तक्रार यांना जागा होती. ‘तुलने’तील संतापाला ती मिळाली असती असे म्हणणे कठीण आहे. स्वतः पंडिता रमाबाईंचे उदाहरण बोलके आहे. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, आणि उच्चवर्णीय कुटुंबव्यवस्थेची त्यांची अधिक कठोर चिकित्सा १८८७ मध्ये अमेरिकेत, इंग्रजीत प्रसिद्ध झाली. मंडळाच्या संस्थापिकेला आपले सर्वांत परखड म्हणणे मांडण्यासाठी मंडळाबाहेर आणि भाषेबाहेरही जावे लागले.

तसेच, १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त आलेला मुक्ता साळवे यांचा निबंध विसरता येत नाही. मांग समाजातील ही मुलगी फुल्यांच्या शाळेत शिकत होती. शाळेचा वर्ग हेही एक मंडळच होते. पण त्याला पुढे वारसा मिळाला नाही. आरंभ कोठून मोजायचा, हा प्रश्न म्हणूनच केवळ कालक्रमाचा राहत नाही.

वाङ्मयेतिहासाने ‘पहिली’ शोधण्यापेक्षा दोन प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरेल : लिहिणारीचे ऐकून घेणारे कोण होते, आणि त्या ऐकण्याची अट कोणती होती? रमाबाई रानडे यांच्या संयत स्वरात आणि ताराबाईंच्या एकाकी त्वेषात केवळ स्वभावभेद वाचणे अपुरे आहे. एकीला श्रोते मिळाले आणि त्यांचा संकोचही. दुसरीला मोकळीक मिळाली आणि तिच्यामागोमाग आलेले दीर्घ मौन. स्त्रीगद्याचा आरंभ या दोन्ही किमती एकत्र मांडल्याखेरीज समजणार नाही.