धरणाच्या पोटातली भिंत

वैराग-बार्शीकडच्या मंडळींना सोलापूरजवळचा हिप्परग्याचा तलाव ठाऊक आहे. कागदोपत्री तो एकरूखचा तलाव. 1871 साली तो पुरा झाला. असा तलाव पाहायला गेलो की आपण बांध पाहतो. पण मातीच्या धरणाचा निम्मा इतिहास जमिनीखाली असतो.

आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, मग खडक. विहिरीला पाणी देतो तो मुरूमच, आणि धरणाखालून पाणी पळवतो तोही मुरूमच! म्हणून बांधाच्या आधी लांबच लांब खंदक खणायचा, कठीण थराला भिडायचे आणि त्यात चिकणमातीचा गारा भरायचा. नुसती काळी माती वाळली की भेगाळते. तेव्हा तिच्यात वाळू कालवायची, पाणी शिंपायचे, थरावर थर तुडवायचा. मुंबई इलाख्यातले इंजिनियर स्ट्रेंजसाहेब यांनी मातीच्या धरणांवर 1904 साली पुस्तकच लिहिले. साहेबाचे नाव पुस्तकावर राहिले. गारा तुडवणाऱ्यांची नावे आपल्या इतिहासात आली नाहीत.

आता कुणी म्हणेल, 1972 च्या दुष्काळात आपण पाझर तलाव बांधले, तिथे तर पाणी मुरायलाच हवे होते! खरे आहे. पण ते तळातून मुरावे, बांधाच्या बुडातून नव्हे. बांधाच्या पायथ्याशी नितळ पाणी पाझरते तोवर धीर धरता येतो. तेच गढूळ झाले, की समजावे, पाण्याबरोबर आतली माती चालली. अमेरिकेत टेटन नावाचे सुमारे 93 मीटर उंचीचे धरण पहिल्यांदाच भरत होते. 5 जून 1976 रोजी सकाळी गढूळ पाणी दिसले आणि दुपारच्या आत धरण फुटले. अकरा जीव गेले.

पण बांधून झालेल्या धरणाखाली खंदक खणायचा कसा? जपानी लोकांनी युक्ती काढली: माती उपसायचीच नाही. लांब गिरमिटे जमिनीत फिरवत न्यायची, त्यांच्या नळ्यांतून सिमेंटची राबडी सोडायची आणि माती जागच्या जागी कालवायची. एका खांबात दुसरा खांब थोडा घुसवीत गेले, की सलग भिंत होते. अमेरिकेतल्या जॅक्सन लेक धरणाच्या दुरुस्तीत 1987 च्या सुमारास अशी भिंत घातली गेली.

म्हणजे गाराच, पण यंत्राने तुडवलेला, आणि तोही जमिनीच्या पोटात. गावतळ्याला हा खर्च झेपायचा नाही. तिथे अजून खंदक आणि काळी मातीच.